‘विधवा’ हे नाव बाटलीवर कसं आलं?



आजचा विषय ठरवताना आमच्यात चांगलीच वादावादी झाली. जुन्या काळी धंदा सांभाळणाऱ्या बायांच्या गोष्टी आपण इथे सांगतो. या वेळी एका वाइन करणाऱ्या बाईची गोष्ट सांगू, असं आमच्यातल्या दोघींनी सुचवलं. तिसरीने हातातली वहीच मिटली. म्हणाली, “आडव्या बाटलीवर शिक्के मारा म्हणून आपण घरोघर फिरलो. आता त्याच घरांना बाटलीचं कौतुक ऐकवायचं?”

तिचं काही चुकत नव्हतं. दारूने घर कसं बसतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर टीव्हीवर किती भांडणं झाली तीही आपण ऐकली. आमच्या मनाने वाइन ही दारूच. तरीही शेवटी गोष्ट सांगायची ठरली, कारण तिच्यातला खरा प्रश्न बाटलीचा नाहीच. घरचा धंदा कुणाच्या नावावर असतो, कुणाच्या हातात असतो आणि मागे कुणाकडे जातो, हा तिच्यातला प्रश्न आहे. आणि आपल्या भागात द्राक्षाच्या बागांत थिनिंगला, डिपिंगला, घड तोडायला जातात त्या आपणच. तेव्हा द्राक्षाची गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

गोष्ट फ्रान्स देशातली. पॅरिसच्या पलीकडे, ईशान्येला, रँस नावाचं शहर आहे. भोवतालच्या मुलखाला शाँपेन म्हणतात. लग्नात-बिग्नात सिनेमातली माणसं बाटली हलवून फेस उडवतात, ती वाइन या मुलखाची, म्हणून तिचंही नाव शाँपेन. तिथली जमीन पांढऱ्या खडूची आणि हवा थंड. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. तिथे वेल थंडीत झोपतो, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच. घड मात्र आजही हातानेच तोडावे लागतात, यंत्राला परवानगी नाही.

या रँसमध्ये फिलिप क्लिको नावाचे व्यापारी होते. मूळ धंदा कापडाचा आणि सावकारीचा. घरच्या थोड्या द्राक्षबागा होत्या, म्हणून १७७२ मध्ये त्यांनी वाइनचा जोडधंदा सुरू केला. आपण घरी चार शेळ्या पाळतो ना, तसाच. मोठं गिऱ्हाईक कापडाचंच. कापडाच्या गाठीबरोबर वाइनच्याही चार बाटल्या विकायच्या, एवढंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा फ्रान्स्वा. १७९८ मध्ये त्याचं लग्न झालं ते बार्ब-निकोल पोंसार्दाँ हिच्याशी. तीही रँसचीच. तिच्या वडिलांची कापडाची गिरणी होती आणि घर एवढं मोठं की पुढे खुद्द नेपोलियन तिथे उतरायचा. वडील नंतर शहराचे महापौरही झाले. म्हणजे ही गोष्ट गरिबीतून वर आलेल्या बाईची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पैसा माहेरी होता, सासरीही होता.

पण काळ मोठा धामधुमीचा होता. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा ही अकरा वर्षांची, मठाच्या शाळेत शिकत होती. श्रीमंतांच्या लेकींवर लोक चिडलेले. तेव्हा घरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने तिला गरिबाच्या पोरीसारखे कपडे घालून रस्त्याने गुपचूप नेलं आणि आपल्या घरी लपवलं, असं सांगतात. लग्नही तळघरात लागलं म्हणे, कारण त्या दिवसांत चर्चमध्ये उघडपणे विधी करायची सोय नव्हती. तळघरात लग्न आणि पुढे सगळा जन्म तळघरातल्या बाटल्यांशी, असा योग!

फ्रान्स्वाला कापडापेक्षा वाइनमध्ये रस. तो जर्मनीकडे, स्वित्झर्लंडकडे फिरून गिऱ्हाइकं शोधायचा. तिकडेच त्याला लुई बोन नावाचा एक विक्रेता भेटला. बुटका, जाडा, बोलण्यात पटाईत. या बोनचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. १७९९ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव क्लेमांतीन. नवऱ्याबरोबर बार्ब-निकोलही बागांत जायची, तळघरात उतरायची, कामकाज समजून घ्यायची.

१८०५ च्या ऑक्टोबरात फ्रान्स्वाला ताप आला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. ती सत्तावीस वर्षांची. पोर सहा वर्षांची.

इथे जरा थांबू या. त्या वेळचा कायदा समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. नेपोलियनने १८०४ मध्ये फ्रान्सला नवा नागरी कायदा दिला. त्यात लिहिलं होतं की बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मालमत्ता विकता येत नसे, कोर्टात उभं राहता येत नसे, धंदा करता येत नसे. लग्नाआधी मुलगी बापाच्या ताब्यात. बाईला स्वतःच्या सहीने व्यवहार करता येईल अशी वाट मोठ्या घरच्या बायकांपुढे एकच होती. नवरा मेला पाहिजे!

विधवेला कायदा अडवत नव्हता. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरात नवऱ्यामागे बाईने दुकान चालवायचं, ही रीत फार जुनी होती. तिने पुन्हा लग्न केलं की मात्र सगळं परत नव्या नवऱ्याच्या हाती. बार्ब-निकोलने पुन्हा लग्न केलं नाही. दुःखामुळे की हिशेबामुळे, कोण जाणे. आमच्यातल्या एकीचं मत आहे की हिशेबामुळे, आणि असेल तर त्यात वाईट काय?

आपल्याकडे नवरा गेला की बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ लावायची पद्धत होती, अजून लग्नपत्रिकांत दिसते. कुंकू जातं, बांगड्या जातात, आणि कागदावरचे व्यवहार दीर नाहीतर भाऊ बघायला लागतात. तिकडेही विधवेने काळे कपडे घालून घरात बसावं अशीच लोकांची अपेक्षा होती. मोठ्या घरच्या बाईने तर नक्कीच. पण कायद्याने एक दार उघडं ठेवलं होतं, आणि ही त्यातून बाहेर पडली.

सासऱ्यांनी पोटचा पोर गेल्यावर हाय खाल्ली. वाइनचा धंदा बंद करायचं ठरवलं. नवीन मागण्या थांबवा, असं बाहेरगावच्या विक्रेत्यांना कळवायची वेळ आली. तेव्हा सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, धंदा मी चालवते.

मैत्रिणींनो, हा प्रसंग आम्ही जेव्हा वाचला, तेव्हा आम्हाला ती सून तर आवडलीच, पण त्याहून जास्त ते सासरे आवडले. त्यांना नाही म्हणायला शंभर कारणं होती. युरोपभर लढाया चालू, समुद्रात इंग्रजांचा पहारा, गिऱ्हाइकं पांगलेली, आणि पुढे उभी सत्तावीस वर्षांची पोर. ते हो म्हणाले. पदरचा पैसाही घातला. अट एकच घातली: अलेक्सांद्र फूर्नो नावाच्या जुन्या, जाणत्या वाइनवाल्याशी भागीदारी करायची आणि चार वर्षं त्याच्या हाताखाली काम शिकायचं. सुनेनेही आपला वाटा रोख घातला. कोरी दया तिने घेतली नाही.

ती चार वर्षं, १८०६ ते १८१०, वाईट गेली. नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद केला, इंग्लंडने बंदरं अडवली. हिने मोठ्या हिमतीने हजारो बाटल्यांचा माल अॅमस्टरडॅमला पाठवला, तो तिथेच अडकून पडला आणि गोदामात खराब झाला. द्राक्षाची गाडी बॉर्डरवर चार दिवस अडकली की काय होतं, ते आपल्याकडच्या बागाईतदाराच्या बायकोला विचारा. चार वर्षं संपली तेव्हा भागीदाराने हात झटकले आणि तो आपल्या मार्गाला लागला. शिकणं झालं, कमाई झाली नाही.

सासऱ्यांनी पुन्हा पैसे घातले. १८१० मध्ये धंदा एकट्या तिच्या नावावर सुरू झाला, आणि तेव्हा पेढीचं नाव ठेवलं ‘व्हव क्लिको-पोंसार्दाँ’. फ्रेंच भाषेत ‘व्हव’ म्हणजे विधवा. विधवा क्लिको, माहेरची पोंसार्दाँ. सासरचं नाव आणि माहेरचं नाव, दोन्ही पाटीवर. हा शब्द तिने दुःख मिरवायला घातला नव्हता. सही करणारी बाई कायद्याने मोकळी आहे, तिच्याशी व्यवहार करायला हरकत नाही, हे समोरच्या व्यापाऱ्याला त्या एका शब्दाने कळत असे. आपण तिला इथून पुढे क्लिकोबाई म्हणू.

कापडाचा धंदा मागे पडला. सगळा जीव वाइनमध्ये. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी पीक इतकं सुंदर आलं की लोक त्याला धूमकेतूचं साल म्हणू लागले. पण माल उत्तम असून विकणार कुठे? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रशिया, आणि रशियाच्या बादशहाने बाटलीतल्या फ्रेंच वाइनला बंदी केलेली. साधी वाइन लाकडी पिंपात भरून नेता येते, पण शाँपेन पिंपात टिकत नाही, ती बाटलीतच पाहिजे. म्हणजे नेमका हिचाच माल अडला. क्लिकोबाईने तो विकायची घाई केली नाही. ठेवून दिला.

१८१४ मध्ये नेपोलियन हरत गेला आणि रशियन फौजा थेट रँसमध्ये घुसल्या. तळघरं लुटली जातील म्हणून व्यापारी घाबरलेले. सैनिकांनी शहरात वाइन ढोसली, पण त्यातून एक झालं: या वाइनची चव त्यांना लागली, आणि ते घरी परतताना ती चव बरोबर घेऊन गेले.

आता तो लुई बोन. क्लिकोबाई आणि बोन यांनी मिळून एक बेत गुपचूप आखला. लढाई थांबते आहे, बंदी आज ना उद्या उठणार. उठल्यावर माल पाठवायचा तर सगळेच व्यापारी एकदम पाठवतील. त्याआधी आपला माल रशियाच्या दाराशी जाऊन उभा पाहिजे. एक डच जहाज भाड्याने घेतलं आणि १८१४ च्या जूनमध्ये १०,५५० बाटल्या रवाना केल्या, त्याही त्या धूमकेतूच्या सालातल्या. बरोबर बोन स्वतः गेला. उन्हाळ्याचे दिवस, जहाज हलणार, एक बाटली फुटली की शेजारच्या चार फुटतात. त्यात पोटात भीती, की दुसऱ्या कुणाला सुगावा लागला तर? हिने शहरात कुणाला कळू दिलं नाही.

जहाज कोनिग्सबर्ग बंदरात पोचलं. बाटल्या धडधाकट होत्या. कित्येक वर्षांत कुणी फ्रेंच शाँपेन पाहिलेली नाही, अशा ठिकाणी तो पहिला माल होता. गिऱ्हाइकं बोनच्या खोलीच्या दाराशी येऊन भांडायला लागली आणि बाटल्या चढ्या भावाने गेल्या. पाठोपाठ तिने दुसरा माल पाठवला. इतर व्यापाऱ्यांची जहाजं निघायच्या आत रशियात क्लिको हे नाव घरोघरी झालं होतं. म्हणजे श्रीमंतांच्या घरोघरी.

क्लिकोबाई स्वतः रशियाला कधीच गेली नाही. टेबलाशी बसून पत्रं लिहायची. तिची पत्रं आणि हिशेबाच्या वह्या कंपनीच्या दप्तरात आजही जपून ठेवल्या आहेत. आपल्या गटाचं प्रोसिडिंग बुक लिहायला कंटाळा करणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवा, आम्ही कुणाचं नाव घेत नाही.

आणखी एक. समुद्राच्या तळाशी, बाल्टिक समुद्रात, २०१० मध्ये एक बुडालेलं जुनं जहाज सापडलं. त्यात शाँपेनच्या दीडशेच्या वर बाटल्या होत्या, काही क्लिकोच्याही. तपासल्यावर कळलं की त्या वाइनमध्ये लिटरमागे साधारण दीडशे ग्रॅम साखर होती. आजच्या कोल्ड्रिंकपेक्षाही गोड! त्या काळच्या लोकांना गोडच आवडायची, रशियात तर फार. आपल्याला काय आवडतं याला महत्त्व नाही, गिऱ्हाइकाला काय आवडतं ते करायचं. पापडात मिरी जास्त की कमी, यावर आपण तरी काय वेगळं करतो?

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे तिचं नाव वाइनच्या धंद्यात कायमचं राहिलं. पण आधी शाँपेन होते कशी ते सांगतो. द्राक्षाचा रस आंबवला की साधी वाइन होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून घट्ट बूच मारतात. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, त्यात बुडबुडे होतात, ते हवेत निघून जातात. इथे बूच मारल्यामुळे वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच कोंडून राहतो. आज शाँपेनच्या बाटलीत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. जुन्या काळी काच कच्ची आणि साखरेचा अंदाज चुकायचा, त्यामुळे तळघरात बाटल्या फटाफट फुटत. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे बांधून काम करत.

दुसरी अडचण गाळाची. आतलं यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत साठतो. वाइन गढूळ दिसते. असा माल राजेरजवाड्यांच्या टेबलावर कोण ठेवणार? मग एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत निवळ ओतून घ्यायची पद्धत होती. त्यात निम्मा फेस उडायचा, वाइन सांडायची आणि वेळ किती जायचा! रशियाहून मागण्या येत होत्या आणि तळघरात काम उरकत नव्हतं.

क्लिकोबाईने स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेलं आणि त्याला भोकं पाडून घेतली, असं सांगतात. बाटल्या त्या भोकांत मान खाली करून रोवायच्या. मग रोज प्रत्येक बाटली थोडी हलवून जराशी फिरवायची. रोज थोडी. सहा-आठ आठवड्यांत सगळा गाळ घसरत घसरत मानेत बुचापाशी येऊन बसतो. मग बूच झटकन काढायचं, आतल्या दाबाने गाळ बाहेर उडतो, उरते ती आरशासारखी वाइन. भोकं तिरकी पाडली तर काम जास्त चांगलं होतं, ही युक्ती तिच्या तळघराचा मुख्य कारागीर आंत्वान म्युलर याची. हे १८१६ च्या सुमाराचं. सुरुवातीला लोक हसले असतील, की स्वयंपाकघरातलं टेबल घेऊन बाई धंदा करायला निघाली!

हे ऐकल्यावर आमची ती तिसरी मैत्रीण पहिल्यांदा हसली. म्हणाली, “म्हणजे उभी पण नाही आणि आडवी पण नाही, हिने बाटली उलटीच केली.”

काही वर्षं ही युक्ती तळघराबाहेर गेली नाही. तिच्या कामगारांनी तोंड उघडलं नाही, याचं आम्हाला नवल वाटतं. धाकाने की विश्वासाने, ते सांगता येत नाही. दुसऱ्या व्यापाऱ्यांना कळेपर्यंत तिचा माल कुठल्या कुठे गेला होता. पुढे सगळ्या शाँपेन मुलखाने हीच पद्धत घेतली. आता यंत्रं आली आहेत, तरी काही तळघरांत आजही माणसं हाताने बाटल्या फिरवतात, दिवसाला हजारोंनी.

१८१८ मध्ये तिने गुलाबी शाँपेन करायची नवी रीत काढली. आधी रंगासाठी एका जातीच्या काळ्या बोरांसारख्या फळाचा रस घालत. हिने आपल्याच बागेतल्या द्राक्षाची लाल वाइन पांढरीत मिसळली. एवढं बोलून हा भाग सोडतो, नाहीतर आमच्यावर पाककृती सांगितल्याचा आळ यायचा.

तिचं सगळंच बरोबर आलं असं नाही. धंदा वाढल्यावर तिने बँक काढली, कापडगिरणीत पैसा घातला, आणि ते अंगाशी आलं. १८२८ मध्ये पॅरिसमधली एक बँक बुडाली, तिचा बराच पैसा त्यात. पन्नाशीला आलेली क्लिकोबाई बुडायचीच होती. तेव्हा एदुआर वेर्ले हा तिच्याकडे कामाला असलेला जर्मन तरुण धावून आला. त्याने पैशांची तजवीज करून पेढीची पत वाचवली. १८३१ मध्ये तिने त्याला भागीदार केलं. बाकीचे धंदे बंद, फक्त वाइन. १८४१ नंतर रोजचा कारभार वेर्लेच पाहू लागला, पण लक्ष बाईचं होतं.

१८६६ च्या जुलैमध्ये ती वारली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. त्या सुमाराला वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास बाटल्या तिच्या पेढीतून जात होत्या. कुठे कापडाच्या गाठीबरोबरच्या चार बाटल्या!

आणि आता तो प्रश्न, ज्याच्यासाठी ही गोष्ट घेतली. मागे धंदा कुणाला गेला?

लेकीला नाही. क्लेमांतीनला चांगल्या शाळेत शिकवलं, १८१७ मध्ये एका सरदार घराण्यातल्या, लुई द शव्हीन्ये नावाच्या काउंटशी लग्न लावून दिलं. जावई कविता करायचा आणि पैसा उडवायचा, सासूबाई भरायच्या. नातीच्या लग्नानंतर तिच्यासाठी बूर्सो गावी महालासारखं घर बांधलं. दागिने, वाडे, हुंडा, सगळं दिलं. हिशेबाची वही मात्र लेकीच्या हातात कधी दिली नाही. क्लेमांतीन आईच्या आधीच, १८६३ मध्ये गेली. पेढी वेर्लेला मिळाली.

यावर आम्ही रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास भांडलो. एक म्हणाली, बाईने स्वतः एवढं केलं आणि लेकीला बाहुलीसारखं वाढवलं, हे बरोबर नाही. दुसरी म्हणाली, ती काय करणार? लेकीचा नवरा जिवंत होता. पेढी लेकीच्या नावाने केली असती तर कायद्याने ती त्या उधळ्या जावयाच्या ताब्यात गेली असती. दोघींचंही खरं आहे. पण लेकीला काम शिकवायला तर कायदा आडवा येत नव्हता. स्वतः तिने नवऱ्याबरोबर तळघरात उतरूनच शिकून घेतलं होतं ना?

वेर्लेच्या मागे पेढी त्याच्या मुलाकडे गेली. मग त्या मुलाच्या जावयाकडे, आणि पुढे त्या जावयाच्या जावयाकडे. म्हणजे दोनदा वारसा लेकीच्या वाटेने आला आणि दोन्ही वेळा खुर्चीवर बसले ते जावईच. शेवटी १९८६-८७ मध्ये ती लुई व्हितों या मोठ्या कंपनीच्या समूहात गेली आणि घराण्याचा धंदा म्हणून तिची गोष्ट संपली.

‘विधवा’ या शब्दाची मात्र बाजारात किंमत वाढली. क्लिकोबाईच्या यशानंतर शाँपेनमध्ये बऱ्याच पेढ्यांनी आपल्या नावात तो शब्द घुसवला, कुठे कुठे तर विधवा शोधून आणून तिचं नाव लावलं! खऱ्या विधवाही होत्याच. आँरियो घरच्या अपोलीनने १८०८ मध्ये पेढी काढली. पोमरीबाई १८५८ मध्ये विधवा झाल्या आणि त्यांनी बिनगोडाची शाँपेन चालवून दाखवली. बोलँजे घरच्या लिलीबाईंनी दुसऱ्या महायुद्धात, नवरा गेल्यावर, सायकलवर बागांची पाहणी करत पेढी सांभाळली. ती पेढी आजही घराण्याचीच आहे.

बागांत राबणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठेच नाहीत. घड तोडणाऱ्या, वेल बांधणाऱ्या, सडके मणी निवडून काढणाऱ्या. बाटली महाग होत गेली आणि द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हाती भाव पडत नाही म्हणून १९११ मध्ये त्या भागात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, व्यापाऱ्यांची घरं-कोठारं जाळली गेली. द्राक्षाचा भाव पडला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

क्लिकोबाईचं म्हातारपणचं एक चित्र आहे. लिओं कोन्ये नावाच्या चित्रकाराने काढलेलं. जाडजूड बाई, डोक्याला लेसची टोपी, नजर सरळ समोर. त्याच चेहऱ्याची छोटी छापील चकती आज त्यांच्या बाटलीच्या बुचावर असते. त्या चित्राच्या एका प्रतीत पायाशी एक मुलगी बसली आहे. ती तिची पणती, आन. मोठी झाल्यावर ती उझेसची डचेस झाली, शिल्पं करायला शिकली, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून बोलू लागली. १८९८ मध्ये मोटार चालवायचा परवाना तिने घेतला. फ्रान्समध्ये तो घेणारी ती पहिली बाई, आणि गाडी जोरात हाकली म्हणून दंड भरणारीही पहिली तीच, असं म्हणतात. तिचा वेग किती होता माहीत आहे? ताशी पंधरा किलोमीटर.

आन १९३३ मध्ये गेली. फ्रेंच बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. आणि नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडायचा, नोकरी धरायचा हक्क तिथल्या लग्न झालेल्या बाईला मिळाला १९६५ मध्ये. तोवर क्लिकोबाईला जाऊन नव्व्याण्णव वर्षं झाली होती.

आमच्या तिसऱ्या मैत्रिणीने एक काम दिलं आहे, ते सांगून थांबतो. तुमच्या गावात नवऱ्यामागे दुकान, गिरणी, बाग किंवा गाडा चालवणारी कुणी असेल, तर तिला विचारा की धंद्याचा परवाना, वीजबिल आणि सातबारा आज कुणाच्या नावावर आहे. आणि लेकीला हिशेब येतो का, हेही विचारा. उत्तर आम्हाला लिहून कळवा किंवा गटाच्या बैठकीत सांगा. तिची परवानगी असेल तरच नाव सांगू.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.